वाद्यांच्या गावाला : उघड्या पाठीचा बँजो



'बँजो' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गणपतीची मिरवणूक, टेम्पोवरचे मोठाले स्पीकर आणि टाइपरायटरसारख्या कळा दाबत सिनेमाची गाणी वाजवणारे दादा. बरोबर ना? आपल्याकडची 'बेंजो पार्टी' ती हीच. पण आज मी ज्या बँजोबद्दल सांगणार आहे, तो हा नव्हेच! मिरवणुकीतल्या वाद्याचा पूर्वज आहे जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचं कळांचं तंतुवाद्य बनवलं. ते भारतात आलं, इथे बुलबुलतरंग झालं, आणि पुढे त्याला वीज जोडून आपल्या मंडळींनी त्याचा 'बेंजो' केला. नाव एक, वाद्यं मात्र दोन.

आजचा बँजो आहे अमेरिकेतला. आणि तोही कोराकरकरीत नव्हे, चांगला सव्वाशे वर्षांचा आजोबा! असे जुने बँजो तिकडे घरांच्या माळ्यांवर सापडतात. चामडं फाटलेलं, तारा तुटलेल्या, आवाज गेलेला. मग ते एखाद्या जाणकार कारागिराकडे जातात आणि पुन्हा गायला लागतात. हे कसं घडतं, आणि असा दुरुस्त झालेला आजोबा गातो तरी कसा, ते आज पाहू या.

हलगीला दांडी

आधी ओळख करून घेऊ. मनातल्या मनात एक हलगी घ्या. तिला लांब लाकडी दांडी जोडा. दांडीवर धातूचे बारीक पडदे बसवा आणि वरून पाच तारा ओढा. झाला बँजो! गिटारचं पोट लाकडाचं असतं, बँजोचं चामड्याचं. तारा एका चिमुकल्या लाकडी घोडीवरून जातात. ही घोडी चामड्यावर नुसती उभी असते बरं का. डिंक नाही, खिळा नाही. तारांचा दाब तिला जागच्या जागी धरून ठेवतो. तार छेडली की घोडी थरथरते, घोडीबरोबर चामडं थरथरतं, चामड्याबरोबर हवा. आणि आवाज आपल्या कानांपर्यंत येतो. शाहिराच्या साथीला असतं ते तुणतुणं पाहिलंय ना? त्याच्याही तळाला चामडंच असतं आणि त्या चामड्यातूनच तार वर जाते.

आता हा बँजो उलटा करा. अरेच्चा! मागे काहीच नाही! चामड्याची आतली बाजू दिसते आणि कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेलं एक लाकडी दांडकं दिसतं. बस्स. म्हणूनच हा 'उघड्या पाठीचा' बँजो. दुसऱ्या जातीच्या बँजोला मागे लाकडाचं खोलगट झाकण असतं. मागे जाणारा आवाज त्यावर आपटून पुढे फेकला जातो, त्यामुळे तो बँजो खणखणीत वाजतो. उघड्या पाठीच्या बँजोचा मागचा आवाज मात्र वाजवणाऱ्याच्या पोटावर आणि कपड्यांवर जातो आणि थोडा तिथेच जिरतो. त्यामुळे त्याचा सूर मऊ, ओसरीवर बसून गोष्ट सांगावी तसा वाटतो.

आजोबांची तपासणी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बँजोचं भारी वेड होतं. फिलाडेल्फियात एस. एस. स्ट्यूअर्ट आणि बोस्टनमध्ये ए. सी. फेअरबँक्स हे नामांकित बनवणारे. फेअरबँक्स कंपनीने १९०१ साली 'व्हाइट लेडी' नावाचा बँजो काढला. मेपलचं फिकट लाकूड गडद न रंगवता तसंच ठेवलं, म्हणून हे गोरंपान नाव. लाकडी कड्यावर, चामड्याच्या खाली, एक नक्षीदार धातूची कडी बसवलेली. दांडीवर शिंपल्याची कलाकुसर. आजही असे बँजो लोक शोधत असतात.

असा एखादा जुना बँजो कारागिराच्या टेबलावर येतो, तेव्हा तो लगेच पाना-स्क्रूड्रायव्हर काढत नाही. डॉक्टर आधी तपासतात ना, तसंच! तो सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. आकडे किती आहेत, किती हरवलेत, ते मोजतो. आतल्या लाकडी दांडक्यावर कारखान्याचं नाव आणि क्रमांक ठोकलेला असेल तर तो टिपून घेतो. तो म्हणजे बँजोचा जन्मदाखलाच.

घोडी बहुतेक वेळा हरवलेलीच असते. का, सांगा पाहू? शाब्बास! ती नुसती उभी असते ना, तारा सैल पडल्या की पडली! मग दांडी वाकली आहे का, लाकडी कडं गोल आहे की अंडाकृती झालंय, हे बघायचं. चामडं ताणणारे पंचवीस-तीस आकडे कड्याभोवती असतात. ते गंजून बसलेले असतात. ते एकदम सोडवायचे नाहीत. एक या बाजूचा थोडा सैल, मग समोरच्या बाजूचा थोडा सैल. गाडीचं चाक काढताना नट असेच समोरासमोरचे ढिले करतात. नाहीतर सगळा ताण एकाच बाजूला येऊन जुनं लाकूड दगा देतं.

चामड्याचं तंत्र

मुख्य काम चामड्याचं. जुन्या बँजोवर वासराचं पातळ चामडं असे. नवं चामडं साध्या पाण्यात भिजवतात. भिजलं की ते ओल्या पापडासारखं लुळं पडतं. मग ते कड्यावर पसरून, कडा एका बारीक तारेच्या कडीभोवती गुंडाळून, वरून पितळी कडं दाबतात आणि आकडे हलकेच आवळतात. हलकेच हं! कारण वाळताना चामडं आपणहून आकसतं. ओलं असताना हावरटासारखं आवळलं, तर वाळल्यावर टर्रकन फाटतं. म्हणून एक-दोन दिवस धीर धरायचा. उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं नाही. पूर्ण वाळलं की मग एकेक आकडा समोरासमोर थोडा थोडा आवळत जायचं.

चामडं हवेतला ओलावा पितं, हे तुम्हाला माहीत आहे. हलगी सैल पडली की वाजवणारे काका ती जाळावर शेकतात, मग ती पुन्हा कडाडते. बँजोचंही तसंच. पावसाळी हवेत चामडं ढिलं पडतं, घोडी खाली बसते आणि आवाज घोगरा होतो. कोरड्या हवेत ते ताठरतं. म्हणून आकडे अधूनमधून कमी-जास्त करावे लागतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्रमसाठी प्लॅस्टिकची पानं निघाली, तशीच पुढे बँजोलाही आली. त्यांना पावसाची भीती नाही. पण जुन्या बँजोचा जुना आवाज हवा असेल, तर बरेच जण अजूनही चामड्याचाच हट्ट धरतात.

किती नवं, किती जुनं?

आता खरा प्रश्न येतो. सगळं घासूनपुसून, नवी पॉलिश मारून, नवे आकडे लावून बँजो चकचकीत करायचा का? दिसायला छानच दिसेल. पण थांबा. दांडीवर जिथे बोटं टेकत, तिथे लाकूड थोडं झिजलंय. कड्यावर जिथे मनगट टेकत असे, तिथला रंग उडालाय. ही कुणाच्या तरी आयुष्यभराच्या वाजवण्याची खूण आहे. ती रंधा मारून काढली की गेलीच, परत येत नाही. चांगला कारागीर म्हणूनच फक्त एवढंच विचारतो, की ही गोष्ट वाजण्याच्या आड येते का? पडदे झिजून सूर बिघडत असतील तर ते बदलायचे. खुंटी तुटली असेल तर नवी बसवायची. पण नुसता डाग असेल तर राहू द्यायचा. काढलेला जुना भाग फेकायचा नाही, पिशवीत घालून बँजोबरोबर ठेवायचा. आणि चिकटवायचं झालं तर सरस वापरायचा. सरस ऊब आणि पाणी लागलं की सुटतो. म्हणजे पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला हा बँजो उघडावा लागला, तर लाकूड न तोडता उघडता येईल. पुढच्या कारागिराचा विचार आजच करायचा. आहे की नाही शहाणपण?

तारांचंही तसंच. जुने बँजो प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या तातेच्या तारांसाठी बनवलेले असत. तात दांडीला कमी ओढते. जाड पोलादी तारा लावल्या तर त्या इतक्या जोरात ओढतात की म्हातारी दांडी धनुष्यासारखी वाकते. म्हणून अशा बँजोला नायलॉनच्या किंवा फार तर पातळ पोलादी तारा लावतात.

शेवटी घोडी कुठे उभी करायची? इथे तुमचं गणित कामाला येतं. तार मधोमध दाबली की वरचा सा मिळतो, आणि मधला बिंदू म्हणजे बारावा पडदा. समजा, वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत अंतर १३ इंच आहे. मग घोडी बाराव्या पडद्यापासून आणखी किती इंचांवर हवी? १३! म्हणजे तारेची वाजती लांबी २६ इंच. मग कानाने ऐकून केसभर इकडे-तिकडे सरकवायची, की झालं.

वाजतो तरी कसा?

तारा जुळवल्या. कशा? एक आवडती पद्धत आपल्या सरगमीत सांगते. चार लांब तारा अशा : खालचा प, मग सा, ग, प. आणि पाचवी? ती मोठी गमतीची. ती आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्येच, पाचव्या पडद्यापाशी, बाजूला खोचलेली असते. तिच्यावर वरचा सा. एकही बोट न दाबता नुसता हात फिरवला तरी प-सा-ग-प आणि वरचा सा असा गोड मेळ उमटतो. आणि बघा, सगळ्यात बारीक सुराची तार सगळ्यात वर, वाजवणाऱ्याच्या नाकाजवळ! गिटारमध्ये याच्या बरोबर उलट असतं.

ही आखूड तार सहसा बोटाने दाबत नाहीत. ती तोच एक सूर पुन्हा पुन्हा म्हणत राहते, तुणतुण्यासारखा. तिला वाजवायचं अंगठ्याने. उघड्या पाठीचा बँजो वाजवायची जुनी रीत अशी आहे : उजव्या हाताची बोटं खिळे उपटायच्या हातोड्यासारखी वाकवायची. तार वर ओढायची नाही, नखाने वरून खाली मारायची. एकदा एका तारेवर नख. मग सगळ्या तारांवर झरकन हात. आणि लगेच अंगठा आखूड तारेवरून सुटतो. 'टुम्, झण्-टिन्! टुम्, झण्-टिन्!' म्हणून बघा बरं, जिभेवर कसं नाचतं ते. या रीतीला 'क्लॉहॅमर' म्हणतात.

दुरुस्त झालेल्या जुन्या बँजोवर ही रीत फार खुलते. चामडं हलकं, त्यामुळे सूर चटकन उमटतो आणि चटकन विरतो. सतारीसारखा रेंगाळत नाही. म्हणून वाजवणारा सुरामागून सूर पेरत राहतो, आणि गाणं ऐकता ऐकता आपले पाय आपोआप ठेका धरतात. नायलॉनच्या तारा आणि चामडं असेल तर सूर उबदार, किंचित ढोलासारखा लागतो. पोलादी तारा आणि प्लॅस्टिकचं पान असेल तर टणत्कार. आवाज फार घणघणला तर काय करतात ठाऊक आहे? मागच्या लाकडी दांडक्याच्या आणि चामड्याच्या मध्ये चक्क एखादा मोजा कोंबतात! पाठ उघडी असण्याचा हाही एक फायदा.

नखाचा तो फटका कुठून आला?

नखाने खाली फटका आणि अंगठ्याला आखूड तार, ही रीत अमेरिकेतल्या कारखानदारांनी शोधलेली नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि गांबिया हे देश आहेत. तिथल्या जोला लोकांचं 'अकॉन्टिंग' नावाचं वाद्य आहे. भोपळ्याचं पोट, त्यावर चामडं, काठीची दांडी आणि तीन तारा. त्यातली एक आखूड, अंगठ्याने वाजवायची! आणि फटकाही नखाने, वरून खाली. गांबियातले डॅनियल जट्टा यांनी या वाद्याचा अभ्यास करून ते जगापुढे आणलं, तेव्हा बँजो वाजवणारे थक्क झाले.

मग आफ्रिकेची रीत अमेरिकेत पोहोचली कशी? मुलांनो, ही गोष्ट दुःखाची आहे. काही शतकं आफ्रिकेतल्या लाखो माणसांना पकडून, साखळदंड घालून जहाजांतून अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर नेलं, गुलाम म्हणून विकलं. त्यांना सामानसुमान आणता आलं नाही. पण वाद्य कसं बनवायचं आणि कसं वाजवायचं, हे डोक्यात आणि बोटांत होतं. ते कोण काढून घेणार? नव्या जागी मिळाला तो भोपळा आणि मिळालं ते चामडं घेऊन त्यांनी आपली वाद्यं घडवली. त्यातून बँजो जन्मला. हान्स स्लोन हे आयर्लंडमध्ये जन्मलेले डॉक्टर १६८७ साली जमैकाला गेले होते. तिथल्या अशा वाद्यांचं चित्र त्यांच्या १७०७ सालच्या पुस्तकात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधून १७७० च्या दशकात आणलेलं तशाच जातीचं एक वाद्य आजही हॉलंडमधल्या लायडन शहराच्या संग्रहालयात आहे. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं, तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांना ढोल वाजवायला बंदी केली गेली. एवढी भीती वाटे त्यांच्या संगीताची!

पुढे गोऱ्या लोकांनाही बँजो आवडू लागला. बाल्टिमोर शहरात ढोल बनवणारे विल्यम बाउचर १८४० च्या दशकात बँजो बनवून विकू लागले. भोपळ्याच्या जागी लाकडी कडं आलं आणि चामडं ताणायला धातूचे आकडे. पण त्याच काळात एक वाईट चाल पडली. गोरे कलाकार तोंडाला काळं फासून, हातात बँजो घेऊन, काळ्या लोकांची टिंगल करणारे खेळ रंगमंचावर करू लागले. ज्यांनी वाद्य जन्माला घातलं, त्यांनाच ते बघून शरमल्यासारखं होऊ लागलं. या आणि अशाच इतर कारणांनी काळ्या माणसांच्या घरांतून बँजो हळूहळू दिसेनासा झाला. विसाव्या शतकात तर 'बँजो म्हणजे गोऱ्यांचंच वाद्य' असं पुष्कळ जण धरून चालू लागले.

मग २००५ साली उत्तर कॅरोलायनातल्या बून गावी बँजो वाजवणाऱ्या काळ्या कलाकारांचा मेळावा भरला. तिथे तीन तरुण एकमेकांना भेटले. त्याच राज्यात जो थॉम्पसन नावाचे वृद्ध फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे राहत. त्यांचा जन्म १९१८ चा. घराण्यातून आलेली जुनी काळी लोकगाणी त्यांना पाठ होती. हे तिघे दर आठवड्याला त्यांच्या घरी जात आणि त्यांच्याबरोबर बसून वाजवत. पुस्तक नाही, वही नाही. आजोबांनी वाजवायचं, यांनी मागून धरायचं. या तिघांच्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या गटाला २०११ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१२ साली जो थॉम्पसन वारले, पण तोवर गाणी पुढच्या हातांत पोहोचली होती. त्या तिघांतल्या रियानन गिडन्स १८५८ सालच्या बँजोबरहुकूम बनवलेला बँजो वाजवतात.

बँजोचं फाटलेलं चामडं आठवड्यात बदलता येतं. ज्यांचं वाद्य त्यांचं नाव त्याला परत मिळायला मात्र दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला. ते काम अजून चालू आहे, आणि त्याला कारागिराबरोबर विद्यार्थीही लागतात. आठवड्यातून एकदा जाऊन बसणारे.

करून पाहा

एक रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. आवाज येतो का? जेमतेम. आता तोच रबरबँड बुटांच्या रिकाम्या, झाकण नसलेल्या खोक्यावर चढवा आणि दोन्ही कडांशी त्याच्याखाली एकेक पेन्सिल सरकवा. छेडा. मोठा झाला ना आवाज? आता एक पेन्सिल सरकवत अंतर निम्मं करा. कोणता सूर मिळतो, तो घरच्या पेटीवर किंवा मोबाइलवरच्या पेटीवर शोधा.

आणि एक गृहपाठ आईबाबांनाही. घरी किंवा आजोळी माळ्यावर एखादं जुनं तुणतुणं, पेटी, ढोलकी पडून आहे का, बघा. असेल तर लगेच घासू नका, पॉलिश करू नका. आधी त्याचा फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा : हे कोण वाजवत असे? कोणती गाणी? कोणाकडून शिकले? जे सांगतील ते वहीत लिहा आणि मला पत्राने कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या वाद्यासह!

तुमची,
बाई